गर्दीचं कळतंय, माणसाचं न्हाय

सरांनी पहिलं वर्षभर मला नावानं हाक मारली नाही. "पावणं" म्हणायचे. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात त्यात विशेष काही नाही, पण शेजारच्या मायक्रोस्कोपवर रोज बसणाऱ्या बाईला पावणं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "नवीन डॉक्टर येत्यात, हात बसला की पुण्याला जात्यात. पावणंच की मग." मी पुण्याला गेले नाही. ही माझी चूक की हुशारी, हे घरात अजून ठरायचं आहे.

आमचं हॉस्पिटल कॅन्सरचं, आणि आमची पॅथॉलॉजीची लॅब तळमजल्यावर. पेशंट वरच्या मजल्यांवर. आमच्याकडे त्यांचा फक्त तुकडा येतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तो मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि बघायचे. त्या मेणाच्या ठोकळ्याला सगळं जग ब्लॉक म्हणतं. सर वडी म्हणायचे. "वड्या झाल्या का?" असं त्यांनी सकाळी ओरडून विचारलं की बाहेर रिपोर्टसाठी थांबलेल्या माणसांना आत नाश्ता चाललाय असं वाटायचं.

दिसायलाही सर डॉक्टर वाटायचे नाहीत, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे वाटायचे. शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी घरातले, त्या घरातले पहिले डॉक्टर. बोलणं बांधावरचंच राहिलं होतं आणि ते त्यांनी मुद्दाम राखलं होतं असा माझा संशय आहे, कारण परिषदेला गेले की त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं निघायचं. एसी सोसत नाही म्हणून मे महिन्यातही हाफ स्वेटर. मायक्रोस्कोपच्या टेबलावर चहा आणायचा नाही हा नियम त्यांनीच केलेला, आणि मोडायचा हक्कही त्यांचाच.

पेशंटचं नाव ते कधी बघायचे नाहीत. स्लाइडवर नंबर असतो, तेवढा त्यांना पुरे. नाव, वय, गाव, वरच्या डॉक्टरांना काय संशय आहे, हे सगळं टायपिस्टनं बघायचं. "नाव वाचलं की डोळं नावाचं ऐकत्यात," म्हणायचे. पुढाऱ्याची स्लाइड असो की हमालाची, सर तितकीच मिनिटं बघणार. यामुळे त्यांची पंचाईतही व्हायची. एका ओळखीच्या वकिलांनी लग्नात त्यांचे हात धरून आभार मानले, तर सर त्यांना विचारतात, "का? काय झालतं तुम्हाला?"

फुप्फुसाच्या गाठींवर सरांचा विशेष जीव होता. असं लिहिणं विचित्र दिसतं, पण खरं आहे. फुप्फुसाची गाठ आली की नेहमीच्या तपासण्यांबरोबर ते आणखी काही रंग लावायला सांगायचे. पेशीत काही प्रोटीन अशी असतात की त्यांचं काम फक्त राखण करायचं. पेशी भलत्या वाटेला लागली की तिला थांबवायचं, नाहीच ऐकलं तर मारून टाकायचं. त्यातलं सगळ्यात नाणावलेलं पी-फिफ्टीथ्री. ते काचेवर तपकिरी रंगात दिसतं. ही राखण मोडली असेल तर रोगी पुढे कसा जाईल याचा अंदाज येतो का, हे सर वर्षानुवर्षं बघत होते. लोक यावर पेपर लिहून मोठे झाले. सरांनी एकही लिहिला नाही. "बघून झालं की लिवू," म्हणायचे, आणि बघून काही होत नव्हतं.

ते प्रोटीन मला त्यांनी जसं समजावलं, तसं मी आजही मुलांना समजावते. "गावचा राखणदार धरा. चांगला राखणदार कसा? मधनंच दिसतोय, मधनंच गायब. काम असंल तवा येतोय, झालं की जातोय. म्हणून निरोगी पेशीत तपकिरी रंग थोडा थोडा, फिका. आता हाच राखणदार चोवीस तास चौकात उभा दिसला तर?"

"तर राखण चांगली चाललीय," मी म्हटलं.

"तर तो बिघडलाय. दारू पिऊन उभा हाय. हलवून हलंना झालाय. स्लाइड गच्च तपकिरी. आन् अजाबात दिसंनाच, तर?"

"तर गरज नसेल."

"तर तो मेलाय, पावणं. स्लाइड कोरी. गच्च वाईट, कोरी त्याहून वाईट. बरी कुठली? जरा जरा मळलेली."

ही कोरी स्लाइड भल्याभल्यांना चकवते. एकदा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतला एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, आला. फुप्फुसात गाठ. बाहेरच्या कुठल्याशा लॅबचा रिपोर्ट होता, त्यात पी-फिफ्टीथ्री निगेटिव्ह असं लिहिलेलं. करोनानंतर निगेटिव्ह म्हणजे सुटलो हे लहान पोरालाही कळतं. त्यामुळे मोल्डरची बायको आणि मेहुणा आमच्याकडे आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मोठ्या हॉस्पिटलात एकदा खात्री करायची, बाकी चिंता नाही. सरांनी पेढा खाल्ला. दुसरा मागून घेतला. मग त्यांनी सोबत आणलेल्या वडीचा काप काढून रंगवला, बघितला, आणि हात पुसत बाहेर आले.

"पेढा चांगला होता. पर हे निगेटिव्ह म्हंजे बरं न्हवं."

बायकोच्या हातात बॉक्स तसाच राहिला. "मग वाईट हाय का ओ?"

"गर्दीत वाईट. तुमच्या मालकांचं मला ठावं न्हाय."

"म्हंजे आमी काय समजायचं?"

"समजायचं काय न्हाय. गाठ बारकी हाय, पसरल्याली दिसत न्हाय. ऑपरेशन करा."

ऑपरेशन झालं. तो मोल्डर आजही वर्षाला तपासणीला येतो, धडधाकट, आणि सरांसाठी ओल्या शेंगांची पिशवी ठेवून जातो. पुस्तकाप्रमाणं त्याचं इतकं बरं चालायला नको होतं.

त्या पेढ्यांनंतर सरांनी लॅबमध्ये निगेटिव्ह शब्दावर बंदी घातली. कॅन्सरपुरती घातली असती तर ठीक, पण सरांना अर्धवट काही जमत नाही. मलेरिया "आढळला नाही" असं लिहायचं. कावीळ "आढळली नाही". हॉस्पिटलच्या एका नर्सनं स्वतःची गर्भाची तपासणी केली, तर तिला "गर्भ आढळला नाही" असा रिपोर्ट गेला आणि ती बिचारी घाबरून खाली धावत आली, की गेला कुठं. तिची समजूत टायपिस्टनं काढली. सर आत बसून, "शब्द बरोबर हाय," म्हणत होते.

आमचे वरच्या मजल्यावरचे कॅन्सरचे डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकून आलेले, हुशार. त्यांची आणि सरांची एका गोष्टीवरून कायमची कटकट. डॉक्टरांचं म्हणणं, की पी-फिफ्टीथ्री बिघडलंय एवढं कळतं तर रिपोर्टमध्ये पुढचंही लिहा, रोगाचा कल वाईट आहे असं. नातेवाईक विचारतात, मला उत्तर द्यावं लागतं. सर लिहायचे नाहीत. एक दिवस डॉक्टर चिडून खालीच आले. सरांनी त्यांचा दंड धरला आणि लॅबच्या खिडकीशी नेलं. समोर एसटीचा थांबा आहे. जयसिंगपूरची गाडी भरत होती.

"ह्या गाडीतली निम्मी माणसं हातकणंगल्याला उतरत्यात," सर म्हणाले. "मी लहानपणापास्नं बघतोय. शपथेवर सांगतो. आता ते पटकेवालं आजोबा बघा, पुढच्या दाराला. ते कुठं उतरणार?"

"मला काय माहीत?"

"गाडीचं म्हायती असून?"

डॉक्टर म्हणाले, "जाऊन विचारतो."

"आजोबांनाबी ठावं नसंल तर?"

डॉक्टर हसले आणि वर गेले. भांडण मिटलं नाही, पण त्यानंतर ते "गर्दीचं काय म्हणतंय सर?" असं विचारायला लागले. सरांचं तेच एक वाक्य होतं, "गर्दीचं कळतंय, माणसाचं न्हाय." ते इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे मला त्याचा कंटाळा यायचा. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

मग ती स्लाइड आली. फुप्फुसाची गाठ, सोबत फुप्फुसाभोवतीचं पाणी. सरांनी बघितली आणि मला हाक मारली. "बघा कशी स्वच्छ हाय." खरंच तशी होती. शेजारच्या साध्या पेशी फिक्या तपकिरी, म्हणजे रंग नीट लागला होता यात शंका नाही, आणि मधली गाठ कोरी. धुतल्यासारखी. शिकवायला याहून चांगली स्लाइड मिळायची नाही. सर खूश झाले. "हिचा एक काप पोरांना शिकवायला ठेवा," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं ती शिकवण्याच्या पेटीत लावली.

त्याच आठवड्यात दुपारी लॅबच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, पांढरी, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. ती दाराबाहेर काढलेली. मागे एक तिशी उलटलेला माणूस अवघडून उभा.

"तम्मा," ती म्हणाली, "माझं बघितलास का रं?"

शिरोळकडच्या घरांतून कानडी नाती चालतात. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण. सरांची आई लहानपणीच गेली होती आणि त्यांना या अक्कांनी वाढवलं, एवढं मला माहीत होतं. त्यांना बघितलं मात्र पहिल्यांदाच. मागचा माणूस त्यांचा मुलगा. आईला महिनाभर खोकला होता, पाणी झालं होतं. मामाला उगाच घोर नको म्हणून त्यानं परस्पर वर दाखवलं होतं. रिपोर्ट कळला तेव्हा त्याला राहवेना, म्हणून खाली आला.

"कुठलं बघितलं?" सर म्हणाले.

भाच्यानं नंबर सांगितला. मी आकड्यांत कच्ची आहे, पण तो नंबर मला पाठ होता, कारण पेटीवर त्याची चिठ्ठी मीच चिकटवली होती. मी सरांकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

त्या संध्याकाळी सरांनी ती स्लाइड पेटीतून काढली. वडीचा नवा काप काढायला लावला, नव्या बाटलीतला रंग लावायला लावला. आलेला निकाल चोख असताना तपासणी पुन्हा करणाऱ्याला सर फार बोलायचे, आम्ही सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं. नवी स्लाइडही तशीच आली.

आठवड्याभरानं अक्का पुन्हा आल्या. मुलाला बाहेर बसवलं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस गं बाई, चोरीचं न्हाय काय."

आमच्याकडच्या जैन घरांत सल्लेखनेचं व्रत आहे. माझ्या घरी रविवारी मटण शिजतं, तेव्हा मी त्यातलं ऐकूनच सांगते. मरण जवळ आलंय आणि औषध उरलेलं नाही हे नक्की झालं, तर माणूस गुरूंच्या, म्हणजे मुनी महाराजांच्या आज्ञेनं, घरच्यांच्या संमतीनं, हळूहळू अन्नपाणी सोडतो. शुद्धीत असताना, स्वतःच्या तोंडानं मागावं लागतं. अक्कांना ते पाहिजे होतं. त्यांच्या सासूनं घेतलं होतं, आणि सासूचं जाणं त्यांनी जवळून बघितलं होतं. त्या त्याबद्दल इतक्या सहज बोलत होत्या, की माहेरी जायचं ठरवतायत असं वाटावं.

"महाराज म्हणत्यात, आधी नक्की करा," अक्का म्हणाल्या. "औषध असंल तर व्रत न्हाय. पोरगं म्हणतंय, मामा हो म्हणाला तर माझी ना न्हाय. वरचा डॉक्टर म्हणतोय, गोळ्या लागू पडतील, न्हायतर पडणार न्हाईत. तुझं ते तपकिरी काय म्हणतंय?"

"वाईट म्हणतंय."

"मग झालं की."

"गर्दीचं म्हणतंय, अक्का. तुझं न्हाय." आणि सरांनी त्यांना मोल्डरची गोष्ट सांगितली. पेढ्यांसकट.

अक्कांनी शेवटपर्यंत ऐकली. "म्हंजे तुला ठावं न्हाय."

"न्हाय."

"एवढा शिकलास आन् ठावं न्हाय? माझ्यापायी खोटं बोलत न्हाईस न्हवं?"

"न्हाय अक्का."

"महाराजांना काय सांगू?"

"त्याला ठावं न्हाय म्हणतोय, म्हणून सांग."

अक्कांनी पदर सावरला. "बरं. मग मी थांबतो," म्हणाल्या आणि उठल्या. दारात चप्पल घालताना मुलाला म्हणाल्या, "चल, गोळ्या घिऊन जाऊया."

सर खरंच बोलत होते. पण त्या दिवशी खरं बोलणं त्यांच्या सोयीचंही होतं, आणि ते त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मोल्डरची गाठ बारकी होती, काढून टाकता आली होती. अक्कांची पाण्यात उतरलेली होती. हा फरक सरांनी अक्कांना सांगितला नाही. मला त्यांचा राग आला होता. अजून थोडा आहे.

गोळ्या लागू पडल्या. पाणी आटलं, खोकला गेला. अक्का शेतात जाऊन ऊसतोडीवर नजर ठेवायला लागल्या, आणि भाच्याबरोबर लॅबला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा यायला लागला. सर त्या दिवसांत इतके खुशीत होते, की रिपोर्टच्या खिडकीपाशी जाऊन अनोळखी नातेवाइकांशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. लोकांना वाटायचं, आपला रिपोर्ट चांगला आलाय. मलाही वाटायला लागलं होतं की सर जिंकले.

एका सकाळी भाचा चहा घेऊन गेला तर अक्कांनी त्याला ओळखलं नाही. रोग मेंदूत गेला होता. आमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवलं. डोळे मिटलेले, हाक मारली तर हुं नाही की चूं नाही. भाच्यानं महाराजांना विचारून बघितलं. ते म्हणाले, व्रत तिच्या तोंडून आलं पाहिजे, दुसऱ्यानं द्यायचं नसतं.

सर खाली येऊन बसले. मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि काच न ठेवताच त्यात बघत राहिले.

"मी खोटं बोललो न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"कशाला बोलंन. ठावंच न्हवतं मला." त्यांनी दिवा बंद केला. "पर ती रोगाचं विचारायला आलीच न्हवती ओ. 'मी जाऊ का' म्हणून विचारायला आलती. आन् मी तिला स्लाइडीचं उत्तर दिलं."



भाच्यानं आईच्या नाकातून नळी घालायला लावली. आई उपाशी मरतेय हे त्याला बघवेना, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरांनीही दिला नाही. दर दोन तासांनी पातळ खाणं नळीतून जायचं, दिवसा आणि रात्रीही. पहिल्या संध्याकाळी सर वर गेले तेव्हा सिस्टर पिशवी अडकवत होत्या.

अक्कांनी जाणत्या वयापासून दिवस मावळल्यावर तोंडात काही घेतलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. लग्नकार्य असो, दुखणं असो, मोडलं नव्हतं. सरांनी सिस्टरांना ते सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "सर, डॉक्टरांनी लिहिलंय तसं मला द्यावं लागतं." सर तरुण डॉक्टरांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे काही मागायला गेले ते तेवढंच. डॉक्टरांनी एक शब्द न विचारता खाण्याच्या वेळा बदलून दिवसाच्या करून दिल्या.

तेव्हापासून सर रोज दिवस मावळायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर जायला लागले. पॅथॉलॉजीचा माणूस वॉर्डात सहसा जात नाही. सरांना तर लिफ्टचं बटण कुठलं तेही माहीत नव्हतं. पन्हाळ्याच्या बाजूची खिडकी होती, तिच्यातून बघायचे. ढग असले की सिस्टर मोबाइलवर वेळ बघून सांगायच्या. मग सर नळीचा चाप स्वतः बंद करायचे आणि अक्कांच्या कानाशी वाकून सांगायचे, "अक्का, दिवस मावळला. आता सकाळी." एकदा मी बरोबर होते. माझा रागलोभ तिथं कुठं ठेवावा ते मला कळेना, म्हणून मी नुसती खिडकीशी उभी राहिले.

अक्का गेल्या त्या पहाटे. मी कामावर आले तेव्हा सर आंघोळ न करता, कालच्याच स्वेटरमध्ये लॅबच्या दारात उभे होते.

"अक्का गेली," म्हणाले.

"कधी?"

"उजाडायच्या आधी. चाप बंदच होता. उपाशी गेली."

हेच त्यांनी टायपिस्टला सांगितलं, टेक्निशियनला सांगितलं. भाचा त्यांना वर बोलवत होता तरी ते रिपोर्टच्या खिडकीपाशी गेले आणि रिपोर्ट घ्यायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही त्यांनी सांगितलं, "आमची अक्का गेली. उपाशी गेली."

तो माणूस गोंधळला. हातातला कागद त्यानं खाली केला. "अरेरे," म्हणाला.

"न्हाय ओ," सर म्हणाले, "तिला तसंच जायचं होतं."